मुळांचे साकव, सुरांची नावं

मेघालयाचं पठार दक्षिणेकडे हळूहळू उतरत नाही, ते एकदम तुटतं. सोहऱ्याच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली हजारभर मीटरचा जवळजवळ उभा उतार असतो आणि तळापासून क्षितिजापर्यंत बांगलादेशाची सपाट, पाणथळ जमीन पसरलेली दिसते. मधे एखादी टेकडीसुद्धा नाही. बंगालच्या उपसागरावरून निघालेले ढग ती सगळी सपाटी बिनअडथळा ओलांडून येतात आणि या भिंतीवर आदळतात. भिंतीत चिंचोळ्या, खोल दऱ्या आहेत. ढग त्यांत शिरतात, पुढे वाट नाही म्हणून वर उचलले जातात आणि होतं नव्हतं ते पाणी तिथेच ओतून मोकळे होतात.

शाळेत भूगोलाच्या पेपरात एका गुणासाठी लिहिलेलं चेरापुंजी ते हेच. तिथले लोक त्याला सोहरा म्हणतात आणि सरकारनंही आता तेच नाव स्वीकारलं आहे. सोहरा आणि शेजारचं मॉसिनराम या दोन्ही ठिकाणी वर्षाला सरासरी पावणेबारा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. १७ जून २०२२ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सोहऱ्यात ९७२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मॉसिनराममध्ये हजारांहून जास्त. पुण्यात अख्ख्या वर्षात पडत नाही एवढा पाऊस एका दिवसात! आणि ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सोहऱ्यानं २६ मीटरांहून अधिक पाऊस झेलला. जगाच्या पाठीवर कुठेही बारा महिन्यांत इतका पाऊस पडल्याची नोंद नाही.

हे आकडे वाचून मी गेलो होतो. धबधबे, धुकं, हिरवे कडे यांची मनाची तयारी होती, आणि ते सगळं दिसलंही. नोहकालिकाईचा धबधबा ३४० मीटरांवरून एकाच झेपेत खाली येतो आणि तळाशी निळ्या-हिरव्या डोहात पडतो. तो पाहून बोलणं थांबतं, हे खरंच आहे. पण या मुलखातून फिरताना मला खिळवून ठेवलं ते इथल्या माणसांनी. एवढ्या पावसाला, एवढ्या उताराला, एवढ्या जंगलाला त्यांनी जे उत्तर दिलं आहे, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

गुवाहाटीहून शिलाँग शंभर किलोमीटर. वाटेत उमियम जलाशय लागतो, सगळे तिथे थांबून फोटो काढतात. शिलाँग गर्दीचं, चढउतारांचं, गाण्याचं वेड असलेलं शहर आहे. तिथला इयेवदुह बाजार मात्र चुकवू नये. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पसरलेला हा बाजार बायका चालवतात. खांद्यावर चौकड्याचं वस्त्र गाठ मारून नेसलेल्या, गालात क्वाई धरलेल्या या बायका मासळीपासून लोखंडी कोयत्यांपर्यंत सगळं विकतात आणि भाव त्याच ठरवतात. क्वाई म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. घरी आलेल्याला आधी क्वाई द्यायची ही रीत. पूर्वी दोन गावांमधलं अंतरही किती क्वाई चघळून होतील यावर सांगत. पहिल्यांदा खाल तर कानशिलं तापतात, घाम फुटतो. थंडीत बरं वाटतं, पण तुकडा लहानच घ्यावा.

शिलाँगच्या पुढे सोहऱ्याच्या वाटेवर पाइनची झाडं संपून उघडं, गवताळ माळरान लागतं. पावसानं माती धुऊन नेलेली, वर नुसता खडक आणि गवत. जगातला सर्वाधिक पाऊस जिथे पडतो तिथे हिवाळ्यात बायकांना डोक्यावरून, पाठीवरून पाणी आणावं लागतं, कारण या खडकात पाणी थांबतच नाही. पण कड्याखाली उतरलं की जग बदलतं. तिथे सुपारीच्या बागा, त्यांवर चढवलेले पानवेल, फणस, संत्री, मिरी, मध. आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं ते तमालपत्र याच उतारांवर पिकतं, आणि आपण घर झाडतो त्या मऊ फुलझाडूचं गवतही. या उतारांवर राहणाऱ्या खासींना वार म्हणतात. मुळांचे साकव यांचेच.

टिरना गावापासून नोंग्रियाटला जायला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. आधी उतार, मग ओढे, मग पुन्हा चढ. गाडीचा रस्ता नाही. नोंग्रियाटच्या दुकानातलं सिमेंट, तांदूळ, गॅसची टाकी, पाण्याच्या बाटल्या, सगळं माणसाच्या पाठीवरून येतं. खोह नावाची शंकूच्या आकाराची बांबूची टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावर. वाटेत एक बाई भेटली, खोहभर सुपारी घेऊन चढत होती. मी बाजूला सरलो, तिनं हसून ‘खुब्लेई’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं आणि दम न खाता पुढे गेली. माझे गुडघे तोवर थरथरायला लागले होते.

ओढ्यावर पोहोचल्यावर साकव लगेच साकव म्हणून दिसत नाही. आधी वाटतं, मोठं झाड ओढ्यावर वाकलं आहे. मग त्या गुंत्यातून एक माणूस निवांत चालत येताना दिसतो आणि कळतं, की तो गुंता नाही. ओढ्याच्या काठच्या शिळेला मिठी मारून बसलेलं रबराचं झाड, आपल्या वडाच्या जातीतलं. त्याची मुळं एकमेकांत विणून, ताणून पलीकडच्या काठापर्यंत नेली आहेत. मांडीएवढी जाड मुळं कठड्याची, मनगटाएवढी तळाची, त्यांच्यामध्ये चपटे दगड आणि माती बसवलेली. नोंग्रियाटचा साकव दुमजली आहे. एकाच झाडाच्या मुळांचे एकावर एक दोन साकव. पुराचं पाणी खालच्याला लागायला लागलं म्हणून वरचा केला, असं गावकरी सांगतात. त्यांच्या वर आता तिसराही धरला आहे.

हे कसं करतात ते मी समजावून घेतलं, कारण नुसतं पाहून विश्वास बसेना. पावसाळ्यात इथले ओढे दगड लोटत येतात. बांबूचा पूल एका-दोन पावसाळ्यांत कुजतो किंवा वाहून जातो. रबराचं झाड मात्र खडकावर, मातीवाचून, पाण्याच्या काठी उत्तम वाढतं आणि फांद्यांमधून हवेत मुळं सोडतं. काठावर ते झाड लावायचं. पारंब्या लवचीक असतानाच सुपारीचं खोड मधोमध चिरून, पोखरून त्याची पन्हळ करायची आणि ती ओढ्यावर आडवी टाकून त्यातून मुळं पलीकडे न्यायची. कुठे पन्हळीऐवजी बांबूचा सांगाडा असतो. पलीकडच्या मातीत मूळ रुजलं की ते ताठ होतं, जाड व्हायला लागतं. तोवर पन्हळ कुजून जाते, दुसरी घालावी लागते. एकमेकांवर दाबून बांधलेली मुळं काही वर्षांनी एकजीव होतात, सांधा शोधून सापडत नाही. माणसानं निर्धास्त पाय टाकावा इतकं व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. त्यानंतर मात्र साकव दरवर्षी जास्त मजबूत होतो. काळजी घेतली तर शेकडो वर्षं टिकतो. आपण बांधलेला प्रत्येक पूल पहिल्या दिवसापासून झिजायला लागतो. हा जगात बहुधा एकच प्रकार, जो म्हातारा होताना बळकट होतो.

हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८४४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या साकवांबद्दल लिहून ठेवलं आहे. तेव्हाही ते जुनेच होते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलं. खासीत त्यांना जिंगकिएंग ज्री म्हणतात.

माझ्याबरोबर गावातला एक वाटाड्या होता. त्याला मी सगळ्यांसारखं ‘बाह’, म्हणजे दादा, म्हणत होतो. साकवाच्या मधोमध तो थांबला, खाली बसला, आणि वरून लोंबणारं शिसपेन्सिलीएवढं एक कोवळं मूळ त्यानं बोटांत धरलं. त्याची टोकाकडची साल अजून गुलाबीसर होती. कठड्याच्या जुन्या मुळाभोवती त्यानं ते दोनदा फिरवलं, टोक एका फटीत खोचलं आणि वरून बांबूची बारीक कामटी बांधली. काम मिनिटभराचं. जाता-येता कुणीही करतं, म्हणाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक लहान साकव धरलेला होता, मुळं नुकतीच पलीकडे टेकली होती. मी विचारलं, हा कुणी लावला? “माझ्या आईच्या मामानं.” आणि यावरून चालणार कधी? त्यानं थोडा हिशोब केला. “माझी भाची चालेल.”

मी आतून हललो तो इथे. या माणसाच्या हिशोबात स्वतःचा मुलगा नव्हता, बहिणीची मुलगी होती. खासी समाजात मूल आईच्या कुळाचं नाव लावतं. घर आणि घराण्याची जमीन धाकट्या मुलीकडे जाते. तिला का खद्दुह म्हणतात. आईबापांना शेवटपर्यंत सांभाळायचं तिनंच, घराण्याचे विधीही तिच्याच घरी. लग्नानंतर नवरा बायकोकडे राहायला जातो आणि बहिणीच्या घरात मामा म्हणून त्याच्या शब्दाला वजन असतं. याला बायकांचं राज्य म्हणणं बरोबर होणार नाही, कारण गावचा दरबार, म्हणजे पंचायत, परंपरेनं पुरुषांचीच राहिली आहे आणि त्यावर आज खासी बायका स्वतःच प्रश्न विचारत आहेत. पण जमीन मुलीकडे राहते, मुलगी घर सोडून जात नाही, आणि म्हणून ओढ्याकाठच्या झाडाची जबाबदारी कुणाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मुलगी म्हणजे परक्याचं धन असं ऐकत मोठा झालेला मी, त्या ओढ्यावर बसून बराच वेळ याच गोष्टीचा विचार करत होतो.

नोंग्रियाटला रात्री मुक्काम करावा. जेवायला भात, डाळ, बटाटा, अंडं मिळतं, आणि मांसाहार करणाऱ्याला डुकराच्या मटणाबरोबर शिजवलेला जादोह नावाचा भात शिलाँग-सोहऱ्याच्या खानावळींत खाता येतो. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक वर निघून गेले की ओढा गावाचा होतो. मुलं वरच्या साकवावरून शाळेची पिशवी सांभाळत पळत घरी जातात. तेव्हा तो साकव पाहण्याची वस्तू राहत नाही, रस्ता होतो. दुपारच्या गर्दीत फोटो काढून परतणाऱ्याला हे दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

सोहऱ्याच्या पूर्वेला, दुसऱ्या दरीच्या कडेला कोंगथोंग गाव आहे. तिथे मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. शब्द नाहीत, नुसती चाल. ती चाल म्हणजे त्या मुलाचं नाव. कागदोपत्री वापरायचं नाव वेगळं असतं, पण हाक मारायची ती या सुरानं. दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नाही. माणूस गेला की त्याचा सूरही त्याच्याबरोबर जातो. या प्रथेला जिंगरवाई इयावबेई म्हणतात. इयावबेई म्हणजे कुळाची आदिमाता, पहिली आजी. सूर रचताना आई तिचंच स्मरण करते. प्रत्येक सुराची दोन रूपं असतात. घरात, अंगणात हाक मारायला छोटं, आणि जंगलात, दरीपलीकडे पोहोचवायला लांब.

मी तिथे एका घराच्या ओट्यावर लाल चहा पीत बसलो होतो. घरातली काँग, म्हणजे ताई, सुपारी सोलत होती. मधेच तिनं मान वर केली आणि डोंगराच्या दिशेनं एक लांब, वळणं घेत चढत जाणारी लकेर सोडली. सगळं शांत. मग खालच्या झाडीतून तसाच उंच सूर उलट आला, वेगळ्या चालीचा. ती पुन्हा सुपारी सोलायला लागली. थोड्या वेळानं दहाबारा वर्षांचा मुलगा सरपणाची मोळी घेऊन वर आला. त्यानं आईला हाक मारली होती, तिच्या आईनं तिला दिलेल्या सुरानं. जंगलात शब्द विरतात, सूर लांब जातो, आणि नाव घेऊन हाक मारली तर वाईट शक्ती ते ऐकतात अशीही समजूत आहे. कारण काहीही असो. एका आईनं एकाच मुलासाठी बांधलेली चाल, जी आयुष्यभर दुसऱ्या कुणाची होत नाही, याहून मोठी संपत्ती एखाद्या गरीब घरातलं मूल घेऊन जन्माला येऊ शकेल असं मला वाटत नाही. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या ‘सर्वोत्तम पर्यटन गाव’ स्पर्धेसाठी भारतातून ज्या गावांची नावं गेली, त्यांत कोंगथोंग होतं. आता तिथे लोक येतात आणि मुलांना ‘गाऊन दाखव’ म्हणतात. तसं म्हणू नये. गावात बसून राहिलं की सूर आपोआप कानावर येतात.

मॉफ्लांग शिलाँगपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथली देवराई पाहताना मराठी माणसाला आपल्या घरचं काही भेटल्यासारखं होतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालून १९७० च्या दशकात त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं. मॉफ्लांगची देवराई त्यांचीच दूरची बहीण. भोवती उघडा, गवताचा माळ आणि त्यात एकदम कापून ठेवल्यासारखं सुरू होणारं, पंच्याहत्तर हेक्टरांहून मोठं घनदाट रान. आत पाऊल टाकलं की उजेड हिरवा होतो. खोडांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यावर ऑर्किड, खाली वर्षानुवर्षांच्या पानांचा गादीसारखा थर. मधे बळी देण्याच्या, राजाच्या निवडीच्या विधींच्या जुन्या शिळा. लबासा नावाची देवता हे रान राखते. ती बिबळ्याच्या रूपात दिसली तर शुभ.

नियम एकच आणि तो कडक. इथून काही बाहेर न्यायचं नाही. फूल नाही, फळ नाही, पडलेलं वाळकं पानसुद्धा नाही. बाहेर पडताना गावच्या वाटाड्यानं आम्हाला बूट झटकायला लावले. माझ्या तळव्याला चिकटलेलं एक पान त्यानं उचलून आत ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं. आपल्याकडे किती देवराया मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, सभामंडपासाठी, रस्त्यासाठी तुटल्या. देव राहिला आणि राई गेली. मॉफ्लांगला देवाला मंदिरच नाही, राई हेच त्याचं घर, म्हणून ती वाचली असावी.

आता नार्तियांग. जयंतिया डोंगरातलं हे गाव सहसा प्रवासी कंपन्यांच्या यादीत नसतं, आणि मराठी माणसानं तर ते चुकवूच नये. जयंतिया राजांची ही उन्हाळी राजधानी. हिवाळी राजधानी जैंतापूर आता बांगलादेशात आहे. गावाच्या बाजाराजवळ शिळांचं रान आहे. उभ्या शिळा पुरुषांच्या, आडव्या शिळा बायकांच्या, पूर्वजांच्या आणि विजयांच्या स्मरणार्थ उभारलेल्या. सर्वांत उंच शिळा आठेक मीटरांची आणि जाडी अवघी दीड फूट. मार फलिंगकी नावाच्या महाबली पुरुषाची गोष्ट तिच्याशी जोडून सांगतात. आडव्या शिळांवर म्हाताऱ्या बायका बसून विडा खात होत्या. कुंपण, पाटी, रांग काही आड येत नव्हतं.

तिथून जवळच टेकडीवर दुर्गेचं मंदिर आहे. पत्र्याचं छप्पर, साधं घरासारखं. इथे सतीची डावी मांडी पडली अशी श्रद्धा आहे आणि जयंती म्हणून देवी शक्तिपीठांत मोजली जाते. डोंगरातल्या पनार लोकांच्या राजांनी शाक्त पंथ स्वीकारला आणि आपल्या जुन्या चालीरीती न सोडता स्वीकारला. आजही दुर्गापूजेत केळीच्या खांबाला वस्त्रं आणि झेंडूची फुलं चढवून त्याचीच देवी म्हणून पूजा होते आणि शेवटी मिंतदू नदीत विसर्जन. पूर्वी इथे नरबळी दिला जाई. याच कारणावरून इंग्रजांनी १८३५ मध्ये राज्याचा सपाटीवरचा भाग खालसा केला आणि ती प्रथा थांबली.

आणि या मंदिराचे पुजारी? देशमुख. जयंतिया राजांनी कित्येक शतकांपूर्वी महाराष्ट्रातून पुजारी आणले आणि तेच घराणं पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा करतं आहे, अशी तिथली परंपरा सांगते. ब्रह्मपुत्रेपलीकडे, पाइनच्या डोंगरात, आईकडून कुळ चालवणाऱ्या समाजात, केळीच्या खांबाला देवी मानणाऱ्या पूजेत एक मराठी आडनाव उभं आहे. ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या काळी आगगाडी नव्हती, धड रस्ता नव्हता. सह्याद्री सोडून निघालेली ती माणसं किती महिने चालली असतील, किती नद्या होडीतून ओलांडल्या असतील, आणि पहिल्या पावसाळ्यात हा पाऊस पाहून त्यांना काय वाटलं असेल? क्नुप नावाची कासवाच्या पाठीसारखी बांबूची झापड डोक्यावरून पाठीवर घेऊन इथली माणसं पावसात शेतात वाकून काम करतात. कोकणातल्या इरल्याची त्या पुजाऱ्यांना आठवण झाली असणार, असं मला उगीचच वाटत राहिलं.

डावकीची उमंगोट नदी आणि मॉलिन्नॉंगचं स्वच्छ गाव ही दोन ठिकाणं प्रत्येक सहलीत असतातच, म्हणून थोडक्यात सांगतो. उमंगोटचं पाणी हिवाळ्यात इतकं नितळ, की होडीची सावली तळच्या गोट्यांवर पडते आणि होडी अधांतरी वाटते. पावसाळ्यात ते गढूळ असतं, तेव्हा त्या आशेनं जाऊ नये. १९३२ चा लोखंडी झुलता पूल वर, पलीकडे बांगलादेश. मॉलिन्नॉंगला २००३ मध्ये एका प्रवासविषयक मासिकानं आशियातलं सर्वांत स्वच्छ गाव म्हटलं आणि तेव्हापासून रीघ आहे. वाटावाटांवर बांबूच्या कचराटोपल्या, प्रत्येक अंगणात फुलं. सुंदरच आहे, पण एवढ्या गर्दीत गावाला गाव म्हणून जगू देणं कठीण झालं आहे.

त्याऐवजी सोहऱ्याजवळच्या मॉम्लुह गुहेबद्दल ऐका. तिच्या छतातून हजारो वर्षं ठिबकणाऱ्या पाण्यानं जमिनीवर चुनखडीचे खांब उभे केले. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे त्यांतही थर असतात आणि त्या थरांतल्या ऑक्सिजनवरून जुना पाऊस वाचता येतो. अशाच एका खांबात शास्त्रज्ञांना सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या भीषण, दीर्घ अवर्षणाचा पुरावा मिळाला. इजिप्त आणि मेसोपोटेमियातल्या राज्यांच्या पडझडीशी हाच काळ जोडला जातो. २०१८ मध्ये पृथ्वीच्या भूशास्त्रीय कालगणनेत तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असं अधिकृत नाव मिळालं. म्हणजे तुम्ही-आम्ही जगतो आहोत त्या युगाचं नावच मेघालयावरून आहे, आणि ते ठरलं जगातल्या सर्वांत ओल्या मुलखात जपून राहिलेल्या दुष्काळाच्या खुणेवरून.

एवढं सगळं पाहून आल्यावर एक गोष्ट लपवून ठेवता येत नाही. याच जयंतिया डोंगरात कोळशासाठी माणूस रांगत जाईल एवढी भोकं पाडून खाणी खणल्या गेल्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये अशाच एका खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. इथली लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी होते आणि तिचं ते निळेपण सुंदर नाही, विषारी आहे. उमंगोटच्या नितळ पाण्याचे फोटो आपण घरी आणतो तेव्हा लुखाही त्याच डोंगरांत वाहते, हे माहीत असावं. जिथे नियम पाळला गेला तिथे साकव आणि देवराया उभ्या आहेत, आणि जिथे मोडला तिथे काय होतं तेही याच राज्यात दिसतं.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ धरा, पायऱ्या तेव्हा कमी निसरड्या असतात. शिलाँगला गाडी ठरवून दिवसाला सहा ठिकाणं उरकणारी सहल घेऊ नका. सोहरा, नोंग्रियाट, कोंगथोंग, मॉफ्लांग आणि नार्तियांग एवढंच घ्या, आणि गावच्या घरात राहा, गावचाच वाटाड्या घ्या. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. साकवावर एकावेळी जितकी माणसं सांगतील तितकीच चढा, मुळांवर नावं कोरू नका, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत वर आणा, कारण त्या खाली कुणाच्या तरी कपाळाच्या पट्ट्यावरून गेलेल्या असतात. वेळ कमी पडला तर डावकी सोडा, नोंग्रियाटची रात्र सोडू नका.